अक्कानं भाव चढवला

सांगितलेल्या किमतीला वस्तू घेणं अक्काला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. ‘एकच भाव’ अशी पाटी दुकानात दिसली, की ती आपल्याच नावानं लिहिली आहे असं तिला वाटे. पाटीवाल्याकडूनही ती काहीतरी उतरवून घेई. काहीच उतरलं नाही, तर निदान पिशवी फुकट आणी. भांडण मात्र कधी करत नसे. तिची रीत ठरलेली होती. आधी वस्तूला नावं ठेवायची, मग निम्म्यानं मागायची, मग “राहू द्या” म्हणून दुकानाची पायरी उतरायची आणि मागून हाक येईपर्यंत रेंगाळायचं. हाक यायचीच. दुकानदारही तिला ओळखून होते. ती येताना दिसली, की आधीच थोडा भाव चढवून ठेवत, म्हणजे उतरवायला जागा राहते.

ती आणि तिची वहिनी मिळून घराच्या पुढच्या खोलीत भरतकामाचं दुकान चालवत. अक्का वयानं वहिनीपेक्षा धाकटी. पण सगळी गल्ली अक्का म्हणे, म्हणून वहिनीही अक्काच म्हणू लागली होती. गिऱ्हाईक, दोरे, कापड आणि बोलणं ही खाती अक्काची. संगणकावर नक्षी रचणं आणि गप्प बसणं ही वहिनीची. खोलीची निम्मी जागा एका सहा सुयांच्या यंत्रानं अडवली होती. वहिनीनं संगणकावर नक्षी काढायची, ती एका जाड केबलमधून यंत्राकडे जायची, आणि मग यंत्र खड्खड् करत खिशांवर, टोप्यांवर, टॉवेलांवर ती भरून द्यायचं. यंत्र जुनं होतं आणि संगणक त्याच्याच बरोबरीचा. दोघांचं एकमेकांशी जमायचं आणि इतर कुणाशी जमायचं नाही.

एका सकाळी संगणकानं बारीकसा उसासा टाकला. करपल्याचा वास आला आणि पडदा काळा झाला. शेजारचं यंत्र सहाही सुया वर उचलून जागच्या जागी थांबलं, शिंक अडकलेल्या माणसासारखं.

दुरुस्तीवाल्यानं मागचा पत्रा काढून आत पाहिलं, फुंकर मारली आणि काही न करता पत्रा परत लावला.

“ह्यात आता जीव नाही, वहिनी.”

“मग नवा घेऊ,” वहिनी म्हणाली.

“नवा घेऊन उपयोग नाही. नव्यात हे नसतं.” त्यानं डब्याच्या पाठीवरची एक लांबट, गुलाबी रंगाची जागा दाखवली. तिच्यात बारीक भोकांच्या दोन ओळी होत्या. “तुमच्या यंत्राची केबल ह्या पोर्टात बसते. हल्लीच्या डब्यांना हा पोर्ट देतच नाहीत. मधल्या जोडण्या मिळतात, पण असली जुनी यंत्रं त्यांना दाद देत नाहीत, मी करून पाहिलंय. तुम्हाला ह्याच वयाचा ह्याचा भाऊ शोधावा लागेल.”

“तो कुठं मिळायचा?” अक्कानं विचारलं.

“जुन्या मालाच्या लिलावाची साइट आहे. घरबसल्या बोली लावायची. पण जपून हो. तिथं लोक ईर्ष्येला पेटले, की हजाराच्या डब्याला दहा हजार मोजतात.”

दुरुस्तीवाला गेला, आणि अक्काचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, ज्याला अक्का दादा म्हणे, तो दारात येऊन उभा राहिला. तो एका गोदामात नोकरीला होता आणि दिवसभर जड वस्तूंकडे बघून त्याला जड वस्तूंचा कंटाळा आला होता.

“मी म्हणतो, आता पुरे,” तो म्हणाला. “भंगारवाल्याला विचारलंय मी. यंत्राचे येतील ते येतील. खोली भाड्यानं देऊ.”

“आणि हे?” अक्कानं कॉटवरच्या गठ्ठ्यांकडे बोट दाखवलं. एका इस्पितळाची नवी इमारत उघडायची होती. तिथल्या परिचारिकांचे पांढरे कोट गठ्ठे बांधून पडले होते. प्रत्येकाच्या खिशावर इस्पितळाचं चिन्ह भरायचं होतं. इतकं मोठं काम दुकानाला आजवर मिळालं नव्हतं.

“वेळेत झालं तर यंत्र राहील,” दादा म्हणाला. “गठ्ठे जसेच्या तसे परत गेले, तर त्यांच्या मागोमाग यंत्रही जाईल. मग माझ्याशी वाद घालायचा नाही.”

अक्कानं मान हलवली. वाद तिनं त्याच्याशी कधी घातला नव्हता. तो नेहमी लगेच हरायचा, त्यात मजा नव्हती. पण या वेळी त्याचं चुकत नव्हतं, हे तिलाही कळत होतं. यंत्र गेलं, तर वहिनीला घर होतं, नवरा होता. अक्काला ही खोली होती.

दादाचा छोटा संगणक घेऊन दोघी लिलावाला बसल्या. वहिनीनं आधी बोली लावलीच नाही. असे डबे आजवर कितीला गेले, ते तिनं शोधून काढलं. गुलाबी पोर्ट असलेले आणि चालू स्थितीतले डबे पाच हजारांच्या आसपास जात होते. पोर्टबद्दल काही लिहिलेलं नसेल, तर हजार-दीड हजार. अक्का स्टुलावर बसून बघत होती आणि तिला एक गोष्ट पचत नव्हती.

“हा आकडा मघाशी कमी होता.”

“लिलावात भाव वर जातो, अक्का.”

“वर कशाला जाईल? आपण खाली मागू.”

“खाली मागता येत नाही. जो जास्त देईल, त्याला वस्तू मिळते.”

अक्कानं यावर बराच विचार केला. “म्हणजे गिऱ्हाइकांनी एकमेकांशी झोंबायचं आणि दुकानदारानं वारा घेत बसायचं. ज्यानं हे काढलं, त्याला गिऱ्हाईक भेटलं नव्हतं कधी.”

पहिलाच डबा चांगला सापडला. किंमत कमी होती, मुदत दोन दिवसांची होती, आणि फोटोत फक्त पुढची बाजू दिसत होती. खाली विकणाऱ्याला प्रश्न विचारायला एक चौकट होती. ती पाहून अक्काच्या जिवात जीव आला. बोलायची सोय असेल, तर मग चिंता नव्हती.

“लिही,” ती म्हणाली. “डबा फार वापरलेला दिसतो. पंखा वाजत असणार. मागे गुलाबी पोर्ट आहे का? तो असेल तरच आमच्या भरतकामाच्या यंत्राला चालेल, नाहीतर आम्हाला कवडीचा उपयोग नाही. शेवटची किंमत सांगा.”

वहिनीनं लिहिलं. प्रश्न आणि उत्तर दोन्ही सगळ्या जगाला दिसतात, हे चौकटीखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. ते दोघींनीही वाचलं नाही; वहिनी घाईत होती आणि अक्का चष्म्याशिवाय.

विकणारा हुशार निघाला. त्यानं डबा वळवून पाठीचा स्वच्छ फोटो टाकला आणि मथळाच बदलला: ‘भरतकाम, खोदकाम, कटाई यंत्रांसाठी खास. दुर्मीळ गुलाबी पोर्ट.’ मग काय विचारता. जुनी यंत्रं घेऊन बसलेले जितके लोक होते, तितके मुंग्यांसारखे गोळा झाले. जेवणं होईपर्यंत भाव चौपट झाला.

“त्याला लिही, राहू द्या म्हणावं,” अक्का म्हणाली.

“आणि मग?”

“मग थांबायचं. हाक मारेल तो.”

वहिनीनं लिहिलं. हाक काही आली नाही. दुसऱ्या दिवशी तो डबा कुणा खोदकामवाल्यानं नव्या संगणकाच्या भावात नेला.

“हात दाखवून अवलक्षण,” दादा जेवता जेवता म्हणाला. “त्या माणसाला माहीत तरी होतं का, आपल्याकडे काय आहे? तू सांगितलंस म्हणून कळलं. त्यानं तुला दलाली द्यायला हवी.”

अक्कानं भाताकडे बघितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं लोक तिला आजवर म्हणाले नव्हते असं नाही. पण त्यात तिचं नुकसान झालं, असं पहिल्यांदाच घडलं होतं.

दुसरा डबा वहिनीला सापडला. त्याचं वर्णन असं होतं: ‘जुना संगणक. चालतो असं वाटतं. आतून बरा असावा. काही कमी-जास्त निघाल्यास आधीच क्षमा मागतो. घरून न्यावा लागेल, पैसे नेतानाच द्यावेत.’ फोटोही वर्णनाला शोभेसा. अर्धा डबा, अर्धी भिंत आणि फोटो काढणाऱ्याचा अंगठा. कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

वहिनी मात्र पाहत राहिली. विणीतला चुकलेला टाका हातभर अंतरावरून दिसायचा, असे तिचे डोळे. तिनं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. डब्यामागे एक कपाट होतं. कपाटाच्या दाराला आरसा होता, आणि आरशात डब्याची पाठ दिसत होती. अंधूक, धुळकट, पण त्या राखाडी धुळीत नखाएवढी एक गुलाबी रेघ.

“अक्का,” ती हळूच म्हणाली, “इकडे या. आणि काही बोलू नका.”

अक्का आली. तिनं पाहिलं. तिनं तोंड उघडलं, आणि वहिनीनं तिच्या हातावर हात ठेवला.

“प्रश्न विचारायचा नाही.”

“एकच. पंख्याबद्दल.”

“पंख्याबद्दलही नाही. कुणालाच काही सांगायचं नाही. झाकली मूठ.”

लिलाव संपेपर्यंतचे दोन दिवस अक्कानं कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. दोऱ्याच्या दुकानात गेली आणि न बोलता रिळं घेऊन आली; दुकानदारानं घरी निरोप पाठवून तब्येतीची चौकशी केली. शेजारीण दोनदा डोकावून गेली. दादानं तर बायकोला विचारलं, की तुमचं काही बिनसलंय का.

लिलाव संपायच्या दुपारी वहिनीनं शेवटच्या काही मिनिटांत बोली लावली. जास्तीत जास्त किती देणार, तो आकडा एकदाच लिहायचा असतो. समोरच्याच्या वर जायला लागेल तेवढंच साइट त्यातून घेते. वहिनीनं साडेचार हजार आणि वर थोडी चिल्लर लिहिली. गोल आकडा सगळेच लिहितात, असं तिचं म्हणणं. दुसरं एकच गिऱ्हाईक होतं, ते अकराशेपर्यंत आलं आणि थकलं. डबा दोघींना बाराशेत सुटला.

अक्कानं दोन दिवसांचा श्वास सोडला. “बाराशे,” ती म्हणाली. “पाच हजारांची वस्तू बाराशेत. वहिनी, तुझ्या डोळ्यांची दृष्ट काढायला हवी.”

“मला मात्र थोडं कसंतरी वाटतंय,” वहिनी म्हणाली. “त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नाही, आपल्याकडे काय आहे.”

“आपल्याकडे काय आहे हे बघणं विकणाऱ्याचं काम. गिऱ्हाइकानं दोन्ही बाजूंनी खेळायचं असतं का?”

वहिनी गप्प बसली. तेच तिचं खातं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघी एक छोटी गाडी भाड्यानं करून तिथं पोचल्या. जिना चढून वरच्या मजल्यावरचं दार. दार उघडलं ते एका बारीक, वाकलेल्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी. छापखान्यांसाठी प्रूफं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. खोलीत पुस्तकं इतकी, की बसायला जागा करायची म्हणजे कुणातरी लेखकाला उठवावं लागे. त्यांनी दोन लेखक उठवले, दोघींना बसवलं आणि चहा आणून ठेवला.

“चहा जरा पाणचट झाला असेल,” ते म्हणाले. “साखरही बहुतेक चुकलीय.”

चहा उत्तम होता.

संगणक टेबलावर ठेवला होता. पुसून लख्ख केला होता; कळांच्या फटी दात घासायच्या ब्रशनं साफ केल्या असाव्यात, कारण तो ब्रश शेजारीच वाळत होता. वहिनीनं उठून डब्यामागे पाहिलं आणि अक्काकडे पाहून किंचित मान हलवली. पोर्ट होता. डबा सुरू करून पाहिला, सुरू झाला. आता बाराशे द्यायचे, डबा उचलायचा आणि जिना उतरायचा. बस, एवढंच उरलं होतं.

अक्कानं पैसे काढले. आणि पैसे हातात आले, तसं तिच्या जिभेला काहीतरी व्हायला लागलं. काही न उतरवता दिलेले पैसे तिला टाकून दिल्यासारखे वाटत. शंभर. शंभर तरी. त्यात त्या माणसाचं काय जातंय? आणि लिलाव तर संपला होता. आता ऐकायला जग नव्हतं.

“डबा पिवळा पडलाय हो, काका,” ती म्हणाली.

वहिनीनं डोळे मिटून घेतले.

“पडलाय खरा,” ते म्हणाले. “खिडकीजवळ होता. माझीच चूक.”

“पंखाही वाजतो.”

“वाजतो. उन्हाळ्यात जास्त वाजतो, ते मी लिहायला हवं होतं.”

“कळांवरची अक्षरं पुसलीत.”

“चार पुसलीत. पाचवी पुसत आलीय.” त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. “शिवाय उजवीकडची एक कळ दाबली की दोनदा उठते. तुमच्या लक्षात आलं नसेल. आणि हा खालचा पाय जरा तुटलाय, हे बघा.”

दार बंद आहे समजून खांदा लावावा आणि ते उघडंच असावं, तशी अक्का पुढे जाऊन आपटली. विकणाऱ्यानं आपल्या मालाची बाजू घ्यायची असते. तो ‘छे छे’ म्हणतो, मग आपण ‘अहो, बघा तरी’ म्हणायचं. इथं समोरचाच पुढे धावत होता.

“म्हणजे एवढं काही नाही,” ती म्हणाली. “मी आपलं शंभरभर कमी—”

“नाही, नाही. तुमचं बरोबर आहे.” गृहस्थ खुर्चीत खाली बसले. “दोन दिवस मला हेच टोचत होतं. मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. स्वतःच्या डब्यातल्या चुका झाकून तो विकला, तर मला चैन पडायचं नाही. राहू द्या, ताई. हा नका नेऊ तुम्ही.”

“अहो, पण आम्ही आलोय ना.”

“गाडीभाडं मी देतो तुमचं. चांगल्या माणसांना असला माल द्यायचा म्हणजे काय? कोपऱ्यावरचा भंगारवाला संध्याकाळी येणार आहे रद्दीसाठी, त्याच्याबरोबर जाईल हाही.” आणि त्यांनी उठून डब्यावर एक जुनी चादर घातली. गेलेल्या माणसावर घालतात, तशी.

अक्काला कॉटवरचे पांढरे गठ्ठे दिसले, वर उचललेल्या सहा सुया दिसल्या, आणि आपल्या खोलीत कुणीतरी परका भाडेकरू पाय पसरून बसलेला दिसला. हे सगळं शंभरासाठी.

“काका,” ती म्हणाली, “पिवळा रंग तसा चांगलाच दिसतो.”

“तुम्ही मनानं मोठ्या आहात.”

“पंख्याचा आवाज झाला की बरं असतं. चालू आहे हे कळतं.”

“तुम्हाला माझी कीव येतेय,” ते शांतपणे म्हणाले. “मला कळतं ते. प्रूफात लेखकाची फार चूक निघाली, की मीही असंच बोलायचो.”

अक्कानं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं कपाटाकडे पाहिलं. मदत करायची तिची हीच पद्धत होती. अक्काच्या लक्षात आलं, की आता फक्त एक गोष्ट चालेल, आणि ती तिनं उभ्या आयुष्यात कुठल्याच विक्रेत्याला सांगितली नव्हती.

तिनं चादर काढली, डबा वळवला आणि गुलाबी पोर्टावर बोट ठेवलं.

“हा पोर्ट दिसतोय? हा आता कुठं मिळत नाही. आमचं भरतकामाचं यंत्र ह्याच्यावाचून बंद पडलंय. ते सुरू झालं नाही, तर माझा भाऊ यंत्र विकणार आणि माझं दुकान संपणार. असा पोर्टवाला डबा लिलावात पाच हजारांना जातो. तुम्ही लिहिलं नव्हतं, पण तुमच्या त्या आरशात आम्हाला दिसला, आणि आम्ही तोंड दाबून गप्प बसलो. म्हणून बाराशेत मिळाला. नावं ठेवली ती माझ्या सवयीनं. शंभर कमी होतील म्हणून. डब्यात काही वाईट नाही.” ती थांबली. “आता तुम्ही तो परत लिलावात टाकलात, तरी माझं काही म्हणणं नाही. फक्त भंगारात नका घालू.”

गृहस्थ कपाटाजवळ गेले. आरशात पाहिलं, मग डब्याकडे, मग पुन्हा आरशात.

“रोज ह्याच्यात बघून दाढी करतो मी,” ते म्हणाले. “म्हणजे हा कुणाच्या तरी कामाचा आहे?”

“माझ्या आहे.”

“आणि मी त्याची क्षमा मागत होतो.” त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू आलं, की वहिनीलाही हसू आलं. “न्या, मग. आत्ता न्या. काढा बाराशे.”

“बाराशे कसे? पाच हजार.”

“बाराशे ठरलेत.”

“तुम्हाला माहीत नसताना ठरलेत.”

“तुम्ही नीट पाहिलंत, मी नाही पाहिलं. बघण्याचे पैसे कुणी कुणाला देतं का?”

“साडेचार घ्या. आमची शेवटची बोली तीच होती, विचारा हिला.”

“बरं, दीड हजार,” गृहस्थ नाइलाजानं म्हणाले, “पण मग हा पडदाही न्यायचा.”

अक्काला त्यांचा डाव कळला नाही. साडेचार एकदम ते घेणार नाहीत एवढंच दिसलं, म्हणून ती त्यांच्या दीडवरून थोडं थोडं चढवत निघाली. ती दोन हजारांवर आली, तेव्हा त्यांनी विजेचा दाब सांभाळणारं यंत्र पुढे सरकवलं. सव्वादोनला टेबलावरचा दिवा आला. अडीचला आणखी एक कळफलक, नवाकोरा, न वापरलेला. “ह्याची सगळी अक्षरं आहेत,” ते म्हणाले. पावणेतीनला एक जाडजूड शब्दकोश. “कापडावर नावं भरता ना? चुकीचं नाव टाक्यांत भरलं, की उसवावं लागतं. हा लागेल.” अक्का तीन हजार म्हणाली, आणि त्यांनी ज्या खुर्चीवर ते बसले होते, तिच्या पाठीवर हात ठेवला.

“बास,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज इतका चढलेला अक्कानं ऐकला नव्हता. “तीन हजार आणि खुर्ची. ह्यापुढे दोघांनीही काही बोलायचं नाही. कपाट खाली उतरवायला माणसं नाहीत आपल्याकडे.”

गृहस्थांनी पैसे घेतले, पण न मोजता पुस्तकात ठेवले, आणि कुठल्या पुस्तकात ते लगेच विसरणार असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मग जिन्यावरून दिवा आणि शब्दकोश त्यांनी स्वतः खाली आणले. गाडी सुरू होताना ते काचेशी वाकले.

“ताई, एक राहिलं. ती दोनदा उठणारी कळ. ती मात्र खरंच आहे.”

वाटेत बराच वेळ अक्का मांडीवरचा दिवा सांभाळत बसली होती.

“वहिनी, मी हरले का गं?”

“कशात?”

“तेच कळत नाहीये. भाव चढवायचा होता, तो मनासारखा चढला नाही. म्हणजे त्यांनी उतरवला. पण पैसे तर माझे वाचले.”

“मग जिंकलात.”

“जिंकल्यासारखं वाटत नाहीये.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “पण वाईटही नाही वाटत.”

संध्याकाळी दादा घरी आला, तेव्हा पुढच्या खोलीत वहिनी एका अनोळखी खुर्चीवर बसली होती आणि अक्का यंत्रामागे वाकून केबल बसवत होती. दादानं डबा पाहिला, पडदा पाहिला, दिवा पाहिला, शब्दकोश उचलून परत ठेवला.

“हे सगळं बाराशेत?”

“बाराशेत नुसता डबा होता,” अक्का यंत्रामागून म्हणाली. “बाकीचं मी भाव वाढवत गेले, तसं आलं. तीन हजार दिले.”

दादा कॉटच्या कडेला, कोटांच्या गठ्ठ्याशेजारी बसला. “लिलाव जिंकून झाल्यावर तू भाव वाढवलास? तू?”

“हो. आणि तरी त्यांनी पुरते घेतले नाहीत.”

“अगं, पण का?”

केबल बसली. वहिनीनं पहिला कोट चौकटीत ताणून लावला आणि कळ दाबली. कळ दोनदा उठली, यंत्र क्षणभर घोटाळल्यासारखं झालं, आणि मग सुई खाली उतरली. खिशाच्या पांढऱ्या कापडावर निळा दोरा पुढे सरकू लागला. दादा आणखी काहीतरी विचारत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. पण यंत्राच्या खडखडाटात काही ऐकू येईना, आणि अक्का दुसरा गठ्ठा सोडायला लागली होती.